टेकून येते

मंडळी, देवाचं नाव घेऊन झालं. आता आख्यान सुरू होण्याआधी थोडा वेळ काही ऐकू नका. नुसतं पाहा.

सकाळचं ऊन मंडपात येतं आहे. यात विशेष काही नाही. ते काल आलं होतं, उद्याही येईल. आपण टाळ घेऊन बसलो तेव्हा पूर्वेच्या झरोक्यातून भिंतीवर एक फिकट चौकोन पडला होता, ताकासारखा पातळ. आहे की नाही असं वाटावं इतका. मग तो भिंतीवरून घसरत या खांबावर आला. खांबावर माणसाच्या खांद्याच्या उंचीला हे तेलकट डाग आहेत ना, तिथं तो जरा थांबला. ते डाग आपल्याच पाठींचे आहेत. आपल्या, आपल्या वडिलांच्या, कीर्तन ऐकता ऐकता टेकलेल्या पाठींचे. मग ते ऊन समईच्या कडेला लागलं. पितळ उजळलं, आणि ज्योत होती तेवढीच असूनही फिकी दिसू लागली. मग ते फरशीवर उतरलं, दगडांच्या सांध्यांत अडकलेले अक्षतांचे दाणे त्यानं एकेक करून दाखवले, आणि आता ते त्या पुढं बसलेल्या आजींच्या गुडघ्यावर आलं आहे. आजींनी गुडघा किंचित पुढं केला, पाहिलंत? कुणाला कळणार नाही इतकाच. दुखणाऱ्या गुडघ्याला ऊन म्हणजे काय, ते त्या गुडघ्यालाच ठाऊक.

आणि आता दाराकडं पाहा. तो तांबडा कुत्रा. मी बोलायला उभा राहिल्यापासून तो तीनदा सरकला आहे. ऊन जेवढं सरकलं, तेवढाच. बोटभर जास्त नाही, बोटभर कमी नाही. त्याला हे कुणी शिकवलं?

आजचा प्रश्न हाच आहे. पशूंना ज्ञान असतं का? वैरण कुठं ठेवली आहे, एवढं ज्ञान नव्हे — आत्मज्ञान. ज्यासाठी ऋषी डोंगरात जाऊन बसले, आणि ज्यासाठी आपण मंडपात मागची भिंत धरून बसलो आहोत! हसू नका, मागच्या रांगेतले. मी तुमच्या बाजूचाच आहे.

काहीजण म्हणतील, बुवा, जनावराला कसलं ज्ञान? काहीजण म्हणतील, त्यांनाच आहे, आपल्याला नाही. दोन्ही उत्तरं सोपी आहेत. म्हणून दोन्हींवर माझा विश्वास नाही. मी आपल्याला एक घडलेली गोष्ट सांगतो. अभिमानानं सांगतो, कारण ज्या मातीत मी जन्मलो त्याच मातीतली ती आहे. तिची नायिका कोण? एखादी गाय नव्हे. ऐरावताच्या कुळातली हत्तीण नव्हे. मंडळी, ऐका — एक गाढवी! आणि गाढवांविषयी ज्या काही म्हणी आपल्याला पाठ आहेत, त्या आज उंबऱ्याबाहेर चपलांपाशी ठेवा.

निमसांगवी नावाचं गाव. खाली परटांची आळी, मध्ये एक टेकाड, टेकाडावर महादेव, आणि पलीकडच्या उतारावर नदी. म्हणजे परटाला धुण्याला जायचं तर रोज आधी चढ चढायचा, देवळावरून जायचं, मग घाटाला उतरायचं.

त्या आळीत तुळाजी परीट राहत असे. उंच, ताठ, शब्दाला पक्का आणि अभिमानी. अभिमान कशाचा? पांढऱ्या रंगाचा. तो म्हणायचा, माझ्या हातचं धोतर वाळत असताना शेजारी बगळा बसला, तर बगळ्यालाच ओशाळल्यासारखं होईल. प्रत्येक घराच्या कपड्याला बिब्ब्यानं केलेली त्याची खूण असे. पाटलांना दोन ठिपके, गुरवांना तीन, कुणाला फुली, कुणाला चंद्रकोर. तीस वर्षांत एकाचं कापड दुसऱ्याच्या घरी गेलं नाही. आणि तीस वर्षांत धुण्याचा एक दिवस चुकला नाही. हे दुसरं वाक्य तो छाती पुढं काढून सांगायचा. पाऊस असो, लग्नसराई असो, घरात काही असो — दिवस चुकला नाही.

त्याची बायको हौसा. बुटकी, हसरी, घाटावर कपडे आपटता आपटता ओव्या म्हणणारी. आणि या दोघांची गाढवी, बिजली. नाव बिजली, चाल विचाराल तर, आकाशातली वीज या चालीनं पडू लागली, तर झाडाखालचा माणूस जेवून, हात धुऊन, विडा लावून मग बाजूला होईल!

रोज सकाळी तुळाजी डोक्यावर गाठोडं घेऊन पुढं. मागं बिजली, पाठीवर ओझं घेऊन. तिच्या मागं हौसा. चढ संपला, देवळाची भिंत आली, की हौसा मागून म्हणायची,

“तुमी व्हा पुढं. मी जरा टेकून येते.”

मंडळी, हा शब्द ध्यानात ठेवा. देवळापाशी उभी राहून बाई म्हणते, टेकून येते. आपण काय समजतो? माथा. देवाला माथा टेकून येते. बरोबर? तुम्ही तेच समजलात. पुढं मीही तेच समजलो. आणि तुळाजीही तेच समजला. समजला आणि पुढं निघून गेला. घाटावर इतरांना तो मोठ्या तोऱ्यात सांगायचा, आमच्या घरातली बाई देवाला टेकल्याशिवाय पाण्याला पाय लावत नाही. पुढं पुढं तिला यायला जास्त वेळ लागू लागला. तुळाजी म्हणाला, भक्ती वाढली. घाटावर ओव्या ऐकू येईनाशा झाल्या. तुळाजी म्हणाला, मन आत वळलं.

मग एका मार्गशीर्षात हौसा चार दिवस अंथरुणावर राहिली आणि पाचव्या दिवशी गेली. तुळाजीनं गावाला सांगितलं, चार दिवसांचा ताप. धडधाकट होती. देवाला आवडली. गावानं मान हलवली. अशा वेळी गाव फार प्रश्न विचारत नाही. ते बरंही असतं, आणि बरं नसतंही.

दिवस-कार्य उरकलं आणि तुळाजी पहिल्यांदा एकटा निघाला. आता डोक्यावर गाठोडं आणि हातात बिजलीचा दोर. चढ संपला. देवळाच्या भिंतीशी, कोपऱ्यावर एक काळा बसका दगड आहे, तिथं बिजली थांबली. तुळाजीनं ओढलं, ती हलेना. त्यानं तिच्या आईबापांचा उद्धार केला, ती हलेना. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले, उगवतीचं ऊन तोंडावर, एक कान पुढं आणि एक कान मागं. बराच वेळ ती तशी उभी राहिली. मग कुणी न सांगता स्वतःहून निघाली आणि घाटाकडं उतरली.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तुळाजीची आरडाओरड ऐकून शिदू गुरव पूजा अर्धी टाकून बाहेर आला. त्यानं बिजलीकडं पाहिलं, हातातलं पळी-पंचपात्र खाली ठेवलं आणि हळूच म्हणाला,

“तुळाजी, शिव्या देऊ नगंस. ही देवाला टेकलीया.”

झालं! मंडळी, एका शब्दानं काय होतं पाहा. तुळाजीच्या हातातला दोर सैल झाला. त्याला वाटलं, हौसा गेली, पण तिचा नेम मागं राहिला. ती टेकायची, आता ही टेकते. त्या दिवशी घाटावर तो महिन्याभरानं पहिल्यांदा मोठ्यानं बोलला, आणि जे बोलला ते संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक झालं.

गाव काही एवढ्यावर मान डोलावणारं नव्हतं. पाटील म्हणाले, परीक्षा घेऊ. कोवळ्या कडवळाची पेंढी बिजलीच्या समोर पाच पावलांवर ठेवली. बिजलीनं पेंढीकडं पाहिलं. तुमच्या-माझ्यासारखंच पाहिलं, मोह तिलाही होता. पण पाऊल उचललं नाही. तिची वेळ पुरी झाली, तेव्हा ती चालू लागली आणि जाता जाता पेंढी खाल्ली. याला वैराग्य म्हणतात! आपण काय करतो? आरतीच्या मध्येच मान वळवून प्रसादाचं ताट कुठवर आलं ते पाहतो.

मग काय, निमसांगवीची मान उंच झाली. शेजारच्या गावाला बाजार होता, दवाखाना होता, मोटारीचा थांबा होता. निमसांगवीला यांपैकी काहीच नव्हतं. आता निमसांगवीचे लोक म्हणू लागले, तुमच्याकडं बाजार असेल, आमच्याकडं ज्ञानी आहे. शाळेत गुरुजींनी एका पोराला “गाढवा” म्हटलं, तर पोरगं घरी जाऊन आईला म्हणालं, आज गुरुजींनी शाबासकी दिली.

दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी महाशिवरात्रीच्या उत्सवाला गावानं मला कीर्तनासाठी बोलावलं. मी या गादीवर नवा होतो, आवाज आजच्याहून लहान आणि धीर त्याहून लहान. तीन दिवस दुपारची कीर्तनं. आणि विषय? विषय गावानंच ठरवला होता.

मी अभ्यास केला. बिजलीला जाऊन पाहिलं. तो पुढचा कान, तो मागचा कान पाहिला, आणि गादीवर उभं राहून सांगितलं की तिचा एक कान जगाकडं आहे आणि दुसरा अनाहत नादाकडं. ती देवाच्या दारासमोर उभी राहत नाही, भिंतीच्या कोपऱ्यावर उभी राहते, याचंही उत्तर माझ्याकडं होतं. म्हणालो, ज्याला सर्वत्र देव दिसतो, त्याला दिशा उरत नाही. ही मागच्या जन्मीची योगिनी आहे, असंही छातीठोकपणे सांगितलं. मंडळी, त्या जन्मी मी तिथं हजर नव्हतो. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या वाजल्या की वक्त्याला मागचे दोन-तीन जन्म सहज दिसू लागतात.

तुळाजी पहिल्या रांगेत बसला होता. पांढराशुभ्र. त्याच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, तसं मी फार थोड्या चेहऱ्यांवर पाहिलं आहे.

गावानं आणखी एक ठरवलं. त्या काळ्या दगडाच्या वर, भिंतीत एक शिळा बसवायची. हौसाच्या नावाची. एका परटिणीचं नाव देवळाच्या भिंतीवर, आणि तेही गावानं एकमतानं ठरवलेलं. यात केवढा मान होता, ते तुळाजीच्या आळीला ठाऊक. शिळेवरचा मजकूर मी रचायचा होता. मी एक दुपार त्यासाठी घालवली. एकेक शब्द ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. शेवटी मजकूर असा झाला — “हौसाबाई परीट येथे नित्य माथा टेकत.” तुळाजीला वाचून दाखवला. त्यानं तो तीनदा म्हणायला लावला आणि उपरण्यानं डोळे पुसले. पाथरवटानं छिन्नी लावली. शिवरात्रीच्या सकाळपर्यंत “हौसाबाई परीट येथे नित्य” एवढी अक्षरं झाली. उरलेले दोन शब्द उत्सवानंतर.

शिवरात्रीची सकाळ. ऊन असंच, आजच्यासारखं. बेत असा होता, की पालखीच्या पुढं बिजलीला चालवायचं, देवाच्या मुख्य दारासमोर आणायचं आणि तिथं तिला हार घालायचा. झूल होती, कपाळाला भस्म होतं, गळ्यात घुंगरं होती. तुळाजीनं फेटा बांधला होता. शेजारच्या गावची माणसंही आली होती. निमसांगवीकरांनी त्यांना मुद्दाम पुढची जागा दिली होती. नीट दिसावं म्हणून!

मिरवणूक चढ चढून वर आली. पखवाज वाजत होता. बिजली मुख्य दारासमोर आली — आणि दारासमोरून पुढं गेली. थांबली नाही. देवाकडं वळून पाहिलं नाही. सरळ कोपऱ्यावरच्या त्या काळ्या दगडापाशी गेली, दगडाला आडवी झाली, आणि उभी राहिली. तोंड उगवतीला. शेपूट? मंडळी, शेपूट नेमकं पालखीकडं!

पखवाज अडखळला. शेजारच्या गावची माणसं खोकू लागली. खोकल्याचेही प्रकार असतात, हा प्रकार तुम्हाला ठाऊक आहे. माझी ती दिशा न उरण्याची थोरवी माझ्याच घशात अडकली.

शिदू गुरव पुढं झाला. दबक्या आवाजात म्हणाला, “वळीव तिला, तुळाजी. देवाकडं शेपूट आलंय.”

तुळाजीनं दोर ओढला. बिजली हलली नाही. त्यानं खांदा लावून रेटलं. बिजली हलली नाही. फेटा सुटू लागला. सगळं गाव पाहत होतं.

“वळंल,” तुळाजी म्हणाला. “दम धरा जरा.”

तेव्हा पायऱ्यांच्या खालून आवाज आला. तिथं ठकू माळीण बसते, बेल आणि फुलं घेऊन. वीस वर्षं रोज सकाळी तिथंच. हौसाची मैत्रीण. बेलाची पानं निवडता निवडता, मान वर न करता ती म्हणाली,

“दमच धरून हुबी हाय ती, दाजी. हौसाचा.”

कुणाला काही कळलं नाही. पाटलांनी विचारलं, काय म्हणालीस? मग तिनं सांगितलं. मोठ्यानं नाही, रागानं नाही. फुलांचा भाव सांगावा तसं. हौसा देवळात कधी जात नव्हती. शेवटची दोन वर्षं तर नाहीच. पायऱ्या कोण चढणार? चढ चढून आली की तिची छाती भात्यासारखी व्हायची. ती बिजलीला या दगडाला आडवी उभी करायची, स्वतः दगडावर बसायची, आणि बिजलीच्या कुशीला पाठ लावायची. उन्हात. दम खाली बसेपर्यंत. मग जागेवरूनच देवाला हात जोडून उठायची.

“टेकायची म्हंजी बसायची वो,” ठकूबाई म्हणाली. “दुसरं काय?”

पाटील जरा चिडले. म्हणाले, मग दोन वर्षं हे गावाला सांगितलं का नाहीस?

“मला इचारलं कुणी? तुमी समदी गाढवीला इचारत हुता.”

कुणी हसलं नाही. तुळाजी तिच्याकडं पाहत होता. तो म्हणाला,

“माथा टेकायची ती. माथा.”

ठकूबाई पुन्हा पानं निवडू लागली.

मग तुळाजी त्या दगडावर बसला. चढ त्यालाही आता जाणवत होता, आणि इतका वेळ तो गाढवीशी झुंजला होता. त्याची पाठ बिजलीच्या कुशीला लागली. आणि मंडळी, मी तिथून दहा पावलांवर उभा होतो, म्हणून पाहिलं. बिजलीनं अर्धं पाऊल मागं घेतलं. म्हणजे आधार पुरता लागावा इतकंच. आणि तिचा मागचा कान तुळाजीच्या तोंडाकडं वळला.

तो कान! ज्याच्यावर मी दुपारभर अनाहत नाद चढवला होता! त्या कानाला एवढंच ऐकायचं होतं, की पाठीशी बसलेल्या माणसाचा श्वास अजून फुललेला आहे की खाली बसला आहे.

तुळाजीचा श्वास आधी मोठा होता. मग तो तुटला; तो रडत होता, पण आवाज नव्हता. मग हळूहळू तो श्वास लांब झाला, सारखा झाला. पालखी खांद्यांवर तशीच होती. भोई बदलले, पण कुणी पुढं चला म्हणालं नाही. आणि एका क्षणी बिजलीचा तो मागचा कान पुढं आला, घुंगरं वाजली, आणि ती निघाली. पालखीकडं नाही. झूल आणि भस्मासकट, नदीकडं! तिचं काम झालं होतं. तुळाजी उठला आणि दोर न धरता तिच्या मागून उतरू लागला.

दोन वर्षं, मंडळी. पाठीशी कुणी बसत नव्हतं. तरी ती रोज थांबत होती. तेवढाच वेळ, जेवढा वेळ हौसाला शेवटी शेवटी लागत असे.

पखवाजवाले, जरा हळू. या चार ओळी मी त्या दिवशी घाटावर बसून जुळवल्या. कच्च्या आहेत, गोड मानून घ्या.

आपुला श्वास मोजी योगी । दुजाचा श्वास मोजी कोण ।
पाठीवरी ओझे घेउनी । उभी राहे धरुनी मौन ॥

आता सांगा, बिजलीला आत्मज्ञान होतं का? मला ठाऊक नाही. त्या दिवसापासून मी असल्या गोष्टी छातीठोकपणे सांगायचं सोडलं. पण आपण ‘सोऽहं’ म्हणतो. आत जाणाऱ्या श्वासाबरोबर ‘सो’, बाहेर येणाऱ्याबरोबर ‘हं’. तो आहे, तोच मी आहे. डोळे मिटून, ताठ बसून आपण स्वतःचा श्वास मोजतो, आणि ते फार थोर साधन आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्यात एक सोय आहे. स्वतःचा श्वास मोजताना दुसऱ्या कुणासाठी थांबावं लागत नाही. ज्या गाढवीला ‘सो’ ठाऊक नव्हतं आणि ‘हं’ ठाऊक नव्हतं, तिला मात्र हे पक्कं ठाऊक होतं, की हा मागचा श्वास माझा आहे. तो खाली बसल्याशिवाय मी पुढं जायचं नाही. समोर कडवळ असो. समोर देव असो!

आणि तो देव रागावला असेल, असं वाटतं का तुम्हाला? शेपूट आपल्याकडं केलं म्हणून? मला वाटतं, त्या सकाळी त्या गाभाऱ्यात जो बसला होता, त्याला त्या गाढवीचा अभिमान वाटला असेल. मला आहे. म्हणून गावोगाव मी तिचं नाव घेतो. निमसांगवीलाही आहे. त्यांनी तिला नंतर कधी झूल घातली नाही, हार घातला नाही. पण तिच्या वेळेला त्या वाटेवर गाडी थांबवतात आणि ती निघेपर्यंत उभे राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाथरवट पुन्हा छिन्नी घेऊन आला. “हौसाबाई परीट येथे नित्य” — पुढं दोन शब्द उरलेले. तुळाजी शिळेपाशी आला. त्यानं ती अक्षरं बोटानं चाचपून पाहिली. मग म्हणाला, “त्यातला माथा काढा.”

पाथरवट म्हणाला, मग पुढं जागा रिकामी दिसेल.

“दिसू द्या,” तुळाजी म्हणाला.

ती शिळा आजही तिथं आहे. “हौसाबाई परीट येथे नित्य टेकत.” पुढं चार बोटं कोरा दगड. माझी सगळी दुपार त्या एका शब्दात होती. तो गेला, आणि मजकूर पहिल्यांदा खरा झाला.

मंडळी, ऊन आता आजींच्या गुडघ्यावरून उतरलं. कुत्राही सरकला. आता मी तुमच्याकडं वळतो. तुमच्या घरात कोण म्हणतं, “तुम्ही व्हा पुढं”? स्वयंपाकघरातून येताना दाराच्या चौकटीला हात लावून कोण क्षणभर उभं राहतं? जिना चढताना मध्येच पदर सारखा करायला कोण थांबतं? आणि आपण त्याला काय नाव दिलं आहे? सवय? आळस? की सरळ भक्ती — म्हणजे वळून पाहायचा त्रासच नको? आज घरी जाताना बरोबरच्या माणसाच्या अर्धं पाऊल मागं चाला. एवढीच दक्षिणा द्या.

आणि तुळाजीला हसू नका. मी निघायच्या दिवशी त्याला भेटायला घाटावर गेलो. तो धोतर पिळत होता. मी त्याला धीर द्यायला म्हणालो, तुमचा दोष नाही, शब्दच तसा होता. टेकून येते म्हटल्यावर कुणीही माथाच समजेल. त्यानं पिळा तसाच हातात धरला. पाणी थेंब थेंब गळत होतं. मग तो सांगू लागला. एकदा पौषात सोड्याची पुडी घरी विसरली, म्हणून तो अर्ध्या उतारावरून मागं फिरला होता. हौसा दगडावर होती. तोंड उघडं, डोळे मिटलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याची चाहूल लागून तिनं डोळे उघडले आणि हसून म्हणाली, टेकलेय जरा. तो म्हणाला, लवकर ये, पाटलांची धोतरं आज द्यायचीत. पुडी न घेताच तो खाली उतरला, आणि त्यानंतर दोन वर्षं त्या वाटेवर त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

तुळाजीनं धोतर झटकून दगडावर पसरलं, त्याच्या कडा सारख्या केल्या, आणि माझ्याकडं न बघता म्हणाला,

“तिला दम लागायचा, बुवा. मला ठावं हुतं.”